शेल्फवर आपला गादा कुठाय?

एक छोटीशी टेस्ट घेऊ. डोळे मिटा आणि डॉल्फिन आठवा. काय दिसलं? निळसर, गुळगुळीत, चंद्रकोरीसारखा वाकून पाण्याबाहेर उडी मारणारा, तोंडावर कायमचं हसू असलेला डॉल्फिन, बरोबर? तो बॉटलनोज. पिक्चरमधला, कीचेनवरचा, जत्रेतल्या प्लास्टिकच्या पाकिटातला. आता तारकर्ली किंवा देवबागला सकाळच्या बोटीतून जो डॉल्फिन बघता तो आठवा. करडा रंग, लांब चोच आणि पाठीवर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा, त्या वशिंडावर छोटासा पर. हा इंडियन ओशन हम्पबॅक डॉल्फिन. आपले मच्छीमार याला गादा म्हणतात.

बॉटलनोजही अरबी समुद्रात आहे, पण किनाऱ्याला धरून उथळ पाण्यात फिरणारा आपला शेजारी गादा आहे. तरी आपल्या डोक्यात पहिला कोण येतो? ज्याचं खेळणं लहानपणी हातात होतं, तो. म्हणून आज बोलू या एका भन्नाट छंदाबद्दल : खेळण्यातले देवमासे आणि डॉल्फिन जमवणं, आणि ते नीट मांडणं.

हे लोक जमवतात तरी काय?

‘खेळणी? या वयात?’ असं घरचे म्हणतील. म्हणू द्या. जगभर मोठी माणसं प्राण्यांच्या छोट्या प्रतिकृती जमवतात. जर्मनीची श्लाइश, अमेरिकेची सफारी लिमिटेड, फ्रान्सची पापो आणि कलेक्टा ही या छंदातली नेहमीची नावं. जपानमध्ये तर नाणं टाकलं की गोल डबीतून बाहेर पडणारे इवलेसे देवमासेही मिळतात. चांगल्या फिगरच्या पोटाखाली बघा. तिथे कंपनीचं नाव आणि बहुतेक वेळा एक साल कोरलेलं असतं. ते साल सहसा साचा तयार झाल्याचं असतं, तुमची फिगर त्या वर्षी बनली असं नाही. जुनं खेळणं घेताना हा फरक लक्षात ठेवा.

पण परदेशी फिगर मागवायला पॉकेटमनी पुरत नसेल, तर नाराज होऊ नका. आंगणेवाडीच्या किंवा कुणकेश्वरच्या जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानातूनही सुरुवात होते. आणि कुणकेश्वरचं नाव उगाच घेतलेलं नाही. २०१५ मध्ये कोंकण सिटेशियन रिसर्च टीमच्या अभ्यासकांना याच कुणकेश्वरजवळच्या समुद्रात निळा देवमासा दिसला, सोबत पिल्लू. जगातला आजवरचा सगळ्यात मोठा प्राणी, आपल्या देवगड तालुक्यासमोर! महाराष्ट्राच्या समुद्रात जवळपास शंभर वर्षांनी तो दिसला, अशा बातम्या तेव्हा छापून आल्या होत्या.

विकत घेण्याआधी तीन गोष्टी तपासा

पहिली, शेपटी. माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. देवमासा आणि डॉल्फिन हे मासे नाहीत, सस्तन प्राणी आहेत. त्यांची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. स्वस्तातल्या पाकिटात डॉल्फिनला उभी शेपटी चिकटवलेली सापडली, तर समजा की बनवणाऱ्याने डॉल्फिन बघितलेलाच नाही. याच नियमाने व्हेल शार्क देवमाशांच्या रांगेतून बाहेर काढा. नावात व्हेल असला तरी तो मासाच. शेपटी उभी, अंगावर पांढरे ठिपके.

दुसरी, डोक्यावरचं श्वासाचं छिद्र. डॉल्फिन, पॉरपॉइज आणि स्पर्म व्हेल यांना दात असतात आणि छिद्र एकच. निळ्या देवमाशासारख्यांना दातांऐवजी गाळणीसारख्या झालरी असतात आणि छिद्रं दोन.

तिसरी, पाठीवरचा पर. किती मोठा, कुठे, कसा? निळ्या देवमाशाचा अगदी छोटा आणि पार मागे शेपटीकडे. गाद्याचा वशिंडावर. फिनलेस पॉरपॉइजला तर परच नाही!

आणि चुका फक्त जत्रेतल्या खेळण्यात असतात असं समजू नका. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये छताला टांगलेला ९४ फुटी निळा देवमासा जगप्रसिद्ध आहे. १९२५ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळ मेलेल्या सापडलेल्या मादीच्या फोटोंवरून तो घडवला आणि १९६९ पासून लोक तो बघतायत. जिवंत निळा देवमासा पाण्याखाली कसा दिसतो याची माहिती तेव्हा फारच कमी होती. पुढे माहिती वाढली आणि २००३ च्या सुमारास दुरुस्ती झाली. डोळे बदलले, श्वासाची छिद्रं सुधारली आणि चक्क बेंबी जोडली! सस्तन प्राणी म्हटल्यावर बेंबी हवीच ना. एवढ्या मोठ्या म्युझियमने मॉडेल दुरुस्त केलं, तर आपण आपली फिगर रंगवून, तासून नीट करायला काय हरकत आहे?

स्केलचा घोळ आणि दिवाळीचा किल्ला

दिवाळीत किल्ला केलाय ना? मग तुम्हाला हे माहितीच आहे. दरवाजापेक्षा मावळा मोठा आणि हत्तीपेक्षा वाघ मोठा! देवमाशांच्या पाकिटातही तेच होतं. निळा देवमासा बोटाएवढा आणि डॉल्फिनही बोटाएवढाच. मग कोण किती मोठा, हे डोक्यात बसणार कसं?

उपाय सोपा आहे. एक प्रमाण ठरवा, समजा चाळिसास एक. मग २४ मीटरचा निळा देवमासा होतो ६० सेंटिमीटर, दोन फुटी पट्टीएवढा. १२ मीटरचा ब्राइड्स देवमासा ३० सेंटिमीटर. २.४ मीटरचा गादा फक्त ६ सेंटिमीटर, आणि १.६ मीटरचा पॉरपॉइज ४ सेंटिमीटर. आता शेजारी ४ सेंटिमीटरचा माणूस ठेवा. बस्स! पॉरपॉइज आपल्याएवढाच असतो आणि निळा देवमासा अशा पंधरा माणसांच्या लांबीचा, हे कुठलंही पुस्तक न उघडता समजतं. ६० सेंटिमीटरची फिगर परवडत नसेल तर पुठ्ठ्यावर बाह्यरेषा कापून मागे लावा. पुठ्ठा चालेल, प्रमाण चुकलेलं चालणार नाही.

देखावाही घरचाच करा. १६६४ मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला दर दिवाळीत कुठल्या ना कुठल्या अंगणात उभा राहतो. तटबंदी असते, बुरूज असतात, निळ्या रंगाचं पाणी असतं. त्या पाण्यात बहुतेक वेळा एखादी होडी सोडली तर कुणीच नसतं. यंदा त्या पाण्यात गाद्यांची एक जोडी सोडून बघा.

मिळत नसेल तर घडवा

गाद्याची फिगर जत्रेत किंवा नेहमीच्या दुकानात मागून बघा. सहज मिळणार नाही. ऑर्का मिळेल, जो इथल्या बोटीतून दिसण्याची शक्यता जवळपास शून्य. बॉटलनोज ढिगाने मिळेल. इथे मात्र आपण सिंधुदुर्गवाले नशीबवान आहोत, कारण खेळणी घडवणारे हात आपल्याच जिल्ह्यात आहेत.

सावंतवाडीची चितार आळी लाकडी खेळण्यांसाठी ओळखली जाते. पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची फळं, भाज्या, भातुकली तिथे पिढ्यान्‌पिढ्या बनतायत. हुबेहूब आंबा आणि हुबेहूब फणस करणाऱ्या कारागिराला गादा अवघड नाही. अडचण एकच, मागणारा कुणीतरी हवा. चार मित्रांनी मिळून ऑर्डर द्या. जाताना बाजूने, वरून आणि समोरून काढलेले गाद्याचे फोटो आणि मापं घेऊन जा. ‘एक डॉल्फिन करा’ एवढंच सांगितलंत तर पुन्हा तो हसरा बॉटलनोजच हातात पडेल!

दुसरा पर्याय गावातच आहे, गणपतीची शाळा. चतुर्थीआधी तिथे मातीकामात मदत करायला कुणी नको म्हणत नाही. उरलेल्या मातीचा एक गोळा मागून घ्या. आधी वशिंड, मग चोच, शेवटी आडवी शेपटी. पहिला गादा बटाट्यासारखा दिसेल. तिसऱ्यापर्यंत जमेल. आणि एकदा हाताने ते वशिंड घडवलं की समुद्रात ते लांबूनही ओळखता येतं, कायमचं.

पावसाळा सांभाळा

कोकणात संग्रहाचा खरा शत्रू पावसाळा. दमट हवेत पुठ्ठ्याच्या खोक्यांना बुरशी लागते, लाकडाला वाळवी. प्लास्टिकच्या फिगर उन्हात पिवळ्या पडतात आणि बंद पिशवीत ठेवल्या तर चिकट होतात. म्हणून खिडकीत मांडू नका. काचेचं दार असलेलं छोटं कपाट बघा, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, महिन्यातून एकदा दार उघडून हवा लागू द्या. प्लास्टिक कोमट पाण्याने पुसायचं, लाकूड कोरड्या फडक्याने. मातीच्या वस्तूला पाणी अजिबात नको.

प्रत्येकाखाली चिठ्ठी हवी : इथलं नाव, शास्त्रीय नाव, खरी लांबी, फिगर कुठून आणि कधी घेतली. चिठ्ठी नसेल तर तो नुसता खेळण्यांचा ढीग. आणि चिठ्ठीवरचं इथलं नाव आजोबांना किंवा रापणीवर जाणाऱ्या काकांना विचारून लिहा.

हे मात्र जमवायचं नाही

खेळणं चालेल, खरी वस्तू नाही. किनाऱ्यावर सापडलेलं देवमाशाचं हाड, दात, काहीही घरी आणायचं नाही. देवमासे आणि डॉल्फिन यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्वोच्च संरक्षण आहे. ‘व्हेलची उलटी’ विकताना पकडल्याच्या बातम्या कोकणातून अधूनमधून येतातच. स्पर्म व्हेलपासून मिळणारी ही उलटी, म्हणजे अंबरग्रीस, जवळ बाळगणं आणि विकणं हा गुन्हा आहे. कुणी ‘नुसता फोटो फॉरवर्ड कर, कमिशन देतो’ म्हणालं, तरी लांब राहा.

खरा सांगाडा बघायचाच असेल तर रत्नागिरीला जा. तिथल्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या संग्रहालयात देवमाशाचा सुमारे ५५ फुटांचा सांगाडा आहे. त्याच्या पुढच्या वल्ह्यांपाशी थांबा आणि आतली हाडं बघा. आपल्यासारखी बोटं दिसतील.

एवढा खटाटोप कशासाठी?

कारण ओळख नसली की काळजीही नसते. गादा आज जगातल्या एन्डेन्जर्ड म्हणजे धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे. तो किनाऱ्याजवळ राहतो आणि आपली जाळी, आपल्या बोटी, आपलं सांडपाणी, सगळं तिथेच आहे. तो जाळ्यात अडकतो, कधी जाळं फाडतो. मच्छीमाराचं नुकसान होतं, हेही तितकंच खरं. म्हणूनच महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून एक योजना आहे. डॉल्फिन, देवमासा, कासव, व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. त्यासाठी सुटकेचा फोटो-व्हिडिओ लागतो आणि प्राणी कोणता हे ओळखावं लागतं. आता सांगा, होडीवरच्या पोराने लहानपणी गादा, पॉरपॉइज आणि व्हेल शार्क हातात घेऊन बघितले असतील, तर फरक पडेल की नाही?

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू आलं. यंत्रणांनी आणि गावकऱ्यांनी कित्येक तास राबून त्याला समुद्रात नेलं, पण ते वाचलं नाही. असा प्राणी उद्या तुमच्या वेळेवर आला तर? सेल्फी नको. वन विभागाच्या १९२६ नंबरला फोन करा. गर्दी मागे हटवा, अंगावर ओलं फडकं ठेवा, शेपटी धरून ओढू नका, आणि श्वासाचं छिद्र झाकू नका. ते छिद्र कुठे असतं, हे तुमच्या शेल्फवरच्या फिगरने तुम्हाला आधीच दाखवलेलं असेल.

तर मंडळी, सुरुवात पाचांपासून करा : निळा देवमासा, ब्राइड्स देवमासा, बॉटलनोज, पॉरपॉइज आणि गादा. शेवटचा विकत मिळेपर्यंत त्याची जागा रिकामी सोडा, पण खाली चिठ्ठी आत्ताच लावा. घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारेलच, ‘इथे कोण असतो?’ मग सांगत बसा.