जुन्या डांबरी रस्त्याचा जागच्या जागी पुनर्वापर

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली येथील जुन्या वस्त्यांत रस्त्याची पातळी वाढत जाण्याचा प्रश्न परिचयाचा आहे. झिजलेल्या पृष्ठावर दर वेळी 40 ते 50 मिलिमीटर जाडीचा नवा थर चढविल्यास पाच दुरुस्त्यांनंतर रस्ता सुमारे वीतभर वर येतो. घरांची जोती मात्र होती तेथेच राहतात, आणि पावसाचे पाणी गटाराऐवजी उंबऱ्याकडे वळते. जुने द्रव्य खरवडून तेथेच वापरण्याच्या पद्धतीचा विचार म्हणूनच अगत्याचा ठरतो.

रस्ता झिजला म्हणजे त्यातील सारेच द्रव्य निकामी झाले, असे नव्हे. या भागातील काळ्या बसाल्टची खडी बहुधा शाबूत असते. बदलते ते डांबर. ऊन व हवेतील प्राणवायू यांच्या योगाने ते कठीण व ठिसूळ होते, भेगा पडतात, आणि त्यांतून शिरलेले पाणी खडीवरील डांबराची पकड सोडविते.

शीत पद्धतीत यंत्राचे फिरते दाते जुना थर खरवडतात. त्या चुऱ्यात इमल्शन किंवा फेसाळ डांबर आणि सुमारे एक टक्का सिमेंट मिसळून थर दाबला जातो. 160 ते 180 अंश सेल्सिअस तापलेल्या डांबरात दोन-तीन टक्के थंड पाणी सोडले असता वाफ होऊन ते क्षणभर सुमारे दहापट फुगते व बारीक कणांत सहज पसरते. ही कल्पना 1950 च्या दशकात अमेरिकेतील आयोवा येथे पुढे आली. इंडियन रोड्स काँग्रेसने या विषयावरील आय.आर.सी. 120 ही संहिता 2015 मध्ये प्रसिद्ध केली.

सात मीटर रुंदीच्या रस्त्याचा 100 मिलिमीटर थर एक किलोमीटरपर्यंत घेतल्यास सुमारे 1,575 टन द्रव्य जागेवरच उपयोगी पडते. तेवढी खडी खाणीतून आणावी लागत नाही.

तथापि या थरावर नवे डांबरी आच्छादन लागतेच. त्यामुळे आच्छादनाच्या जाडीइतके जुने द्रव्य आधी काढून नेले, तरच पातळी कायम राहते. अरुंद गल्ल्यांत जलवाहिन्या, तारा व मॅनहोल यांची नोंद प्रथम घ्यावी लागते. थरातील ओल निघून जाण्यास अवधी हवा. म्हणून काम पावसाळा टाळूनच करणे इष्ट. खाडीकाठच्या मऊ चिकणमातीमुळे पायाच खचला असेल, तर केवळ वरचा थर नवा करून भागत नाही. सारांश, पायाची व निचऱ्याची तपासणी आणि भिजविलेल्या नमुन्यांच्या ताणबलाची चाचणी झाल्यावरच या पद्धतीची निवड करणे युक्त होय.