'डॉक्टर, तुम्ही अशी किती ऑपरेशनं केलीत?'

बाळाच्या शीचा रंग हा काय पुरवणीत लिहायचा विषय झाला, असं काही जणींना वाटेल. पण घरात तान्हं बाळ असेल, तर आज तेवढं वाचाच.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी साताऱ्याला आली होती. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी कावीळ दिसली. ती बऱ्याच बाळांना होते नि दोनेक आठवड्यांत उतरते. हिची मात्र महिना उलटला तरी उतरेना. जिथे दाखवलं तिथे 'कोवळ्या उन्हात धरा' एवढंच उत्तर. शेजारणीने काविळीची माळ आणून घातली. मावशी रोज लंगोट धुवायच्या. एकदा मला म्हणाल्या, "ताई, पोरगी शाडूच्या मातीसारखी पांढरी शी करतीया, आन् शूनं मात्र लंगोट पिवळा होतोय."

यापेक्षा नेमकं लक्षण पुस्तकातही सापडायचं नाही! शीला रंग येतो तो पित्तामुळे. काही बाळांमध्ये यकृतातून आतड्यात पित्त नेणाऱ्या नळ्याच बंद होतात. याला 'बिलिअरी अट्रेशिया' म्हणतात. दहा-वीस हजारांत एखाद्या बाळाला होणारा हा आजार. पित्त आतच तुंबतं आणि यकृत निबर होत जातं. सुरुवातीला बाळ दूध पितं, हसतं, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. तैवानमध्ये २००४ पासून देशभर नव्या आयांना शीच्या रंगांचं कार्ड देतात, ते याचसाठी.

पंधरा दिवसांनंतरही डोळे पिवळे असतील, तर रक्तातलं 'डायरेक्ट' बिलिरुबिन तपासायला सांगावं. हिचं ते वाढलेलं निघालं. सोनोग्राफी झाली आणि बालरोगतज्ज्ञांनी 'कसाई ऑपरेशन' करावं लागेल असं सांगितलं. नाव ऐकूनच मावशींनी तोंडाला पदर लावला. मोरिओ कसाई हे जपानी सर्जन, १९५०च्या दशकात त्यांनी ही शस्त्रक्रिया शोधली, हे समजावता समजावता माझी पुरेवाट झाली! यात बंद नळ्या काढून आतड्याचा भाग थेट यकृताला जोडतात. साठ दिवसांच्या आत झालं तर यशाची शक्यता जास्त. आमची बाई एकेचाळीस दिवसांची होती.

एक सर्जन म्हणाले, "इथंच करून टाकू की." मी विचारलं, "तुम्ही अशी किती केलीत?" ते जरा रागावलेच. शिकताना एक पाहिलं होतं म्हणे. मला यात उद्धटपणा वाटत नाही. साडी घेताना आपण चार दुकानं पालथी घालतो! इंग्लंडने १९९९ मध्ये हे ऑपरेशन फक्त तीन केंद्रांपुरतं ठेवलं, कारण जिथे ते वारंवार होतं तिथे बाळं जास्त वाचतात.

मग फोनाफोनी. मुलांचा डॉक्टर वेगळा आणि मुलांचा सर्जन वेगळा. त्यातही कुणाचा हात लघवीच्या मार्गावर बसलेला, तर कुणाचा यकृतावर. वर्षाला किती 'कसाई' करता, मुलांचे यकृततज्ज्ञ सोबत आहेत का, इतक्या लहान बाळाला भूल कोण देणार, पुढे यकृत बदलायची वेळ आली तर काय, असं सगळं मी वहीत लिहून घेतलं. मुंबईच्या एका सर्जनबाईंनी न रागावता आकडे सांगितले. किती बाळांना उपयोग झाला नाही, तेही सांगितलं. तिथेच आमचं ठरलं. खर्चासाठी रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटलो, रेशनकार्ड कामी आलं.

पन्नासाव्या दिवशी ऑपरेशन झालं. आठवड्याने मावशींचा फोन, "ताई, हिरवी झाली!" बाकी काही सांगायची गरजच नव्हती.

ऑपरेशन चांगलं होऊनही अनेक मुलांना पुढे यकृत प्रत्यारोपण लागतं. भारतात लहान मुलाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत झालं, तेही याच आजाराच्या बाळाचं. आमची मुलगी आता तिसऱ्या वर्षात आहे. दर तीन महिन्यांनी पहाटेच्या एसटीने मुंबईला जाते. फाईल तिची आई सांभाळते.