गांवची जागल कशी असावी

रब्बीच्या पेरण्या आटोपल्या कीं विहिरीवरील केबल तोडून नेल्याच्या, मोटारी उचलून नेल्याच्या व रोहित्रें फोडल्याच्या तक्रारी आमच्या कानीं येऊं लागतात. शेतीपंपांस वीज पाळीनें मिळते. पुष्कळ भागांत अजूनही एक आठवडा ती दिवसा, तर दुसरा आठवडा रात्रीं येते. रात्रपाळीच्या आठवड्यांत दारें धरण्यासाठीं शेतकरी रानांत असतो. दिवसपाळीच्या आठवड्यांत रात्रीं रान ओस पडलेलें असतें. हें वेळापत्रक चोरांसही आपल्याइतकेंच पाठ असतें. म्हणून ज्या आठवड्यांत आपणांस घरीं स्वस्थ झोंप मिळते, त्याच आठवड्यांत अधिक सावध राहावयास पाहिजे.

अशा चोरीचें नुकसान आपण तांब्याच्या वजनावर मोजतों, ही पहिली चूक होय. चोरास मोडीच्या भावानें चार पैसे मिळतात. शेतकऱ्यास नवी केबल, मिस्त्रीची मजुरी व तालुक्याच्या गांवीं दोन हेलपाटे इतका भुर्दंड बसतो, आणि तरीही हें खरें नुकसान नव्हे. गहूं पेरल्यापासून १८ ते २१ दिवसांनीं त्यास मुकुटमुळें फुटतात. त्या वेळचें पाणी चुकलें म्हणजे फुटवे कमी येतात, आणि मागाहून कितीही पाणी दिलें तरी ती तूट भरून निघत नाहीं. ऐन त्या आठवड्यांत मोटार बंद पडली, तर तिची किंमत खळ्यावर पोत्यांनीं मोजून द्यावी लागते. रोहित्राची गोष्ट याहून कठीण. ज्यास आपण डीपी म्हणतों तें फोडून त्यांतील तेल ओतून घेतलें व तांब्याचें वेटोळें काढून नेलें, म्हणजे त्यावरील साऱ्या विहिरी एकदम थांबतात. माल नेणारा एक आणि उपास घडतो तो सर्वांस. तरी रोहित्र कोणाच्या बांधावर आहे एवढें पाहून बाकीचे निर्धास्त असतात!

उभ्या पिकाचीही तीच कथा. बाजारांत भाव चढला कीं चोराचें लक्ष रानाकडे वळतें. जुलै २०२३ मध्यें टोमॅटो अतिशय महाग झाला, तेव्हां तोडणीस आलेला माल रातोरात नेल्याच्या बातम्या महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांतून आल्या. डाळिंब, आलें, चाळींतला कांदा, गोठ्यांतल्या शेळ्या, यांपैकीं कांहींच सुरक्षित म्हणतां येत नाहीं.

पूर्वीं या कामाची गांवास एक घडी होती. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखासंबंधीं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत गांवच्या जागल्याचें काम तपशिलानें दिलेलें आहे. रात्रीं पहारा करावा, गांवांत कोण आला व कोण गेला यावर नजर ठेवावी, परक्या मनुष्याची वार्ता पाटलास द्यावी; आणि चोरी झालीच तर चोर शोधावा, निदान त्याचा माग काढून तो शिवेपर्यंत पोंचवावा. माग दुसऱ्या गांवच्या हद्दींत शिरला म्हणजे जबाबदारी त्या गांवावर जाई. जेथें माग थांबे, त्या गांवानें झाडा द्यावा किंवा नुकसान भरावें. चोरी ही एका घराची गोष्ट नसून साऱ्या गांवाची आहे हें तत्त्व त्यांत होतें, व तें आम्हांस आजही ग्राह्य वाटतें.

तथापि त्या जुन्या घडीचें दुसरें अंगही विसरून चालणार नाहीं. पहाऱ्याचें ओझें कांहीं ठराविक जातींच्या शिरावर होतें, आणि पुढें इंग्रजी अमलांत तर १८७१ च्या कायद्यानें कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या गेल्या. तो कायदा १९५२ सालीं गेला. पण गांवाबाहेर पाल पडलें कीं चोरीचा वहीम प्रथम तिकडे जावा, ही खोड कायद्याबरोबर गेली नाहीं. वतनी पाटीलकीही गेली. १९६७ च्या अधिनियमानें नेमलेला पोलीस पाटील हा गुन्ह्याची वर्दी देणारा व पोलिसांस साह्य करणारा अधिकारी आहे. रात्रभर रानांत हिंडण्याची त्या एकट्याकडून अपेक्षा करणें अन्यायाचें होईल. सारांश, जागल आतां सर्वांनीं पाळीपाळीनें केली पाहिजे.

ती कशी करावी, याचा आमचा अनुभव असा. प्रत्येक रोहित्रावरील खातेदारांची एक टोळी करावी. चार असामींची पाळी एका रात्रीस पुरते. एकानेंच जाणें टाळावें, आणि दहाजणांनीं गोंगाट करीत जाणें त्याहून टाळावें. वेळ दररोज एकच ठेवूं नये. बरोबर बॅटरी, शिटी व काठी असावी. कोयते, कुऱ्हाडी, बंदुका मुळींच नसाव्यात, कां तें पुढें येईलच. रात्रीं जेथें थांबावयाचें तेथें एक वही ठेवावी व तींत पाळीवरच्या मंडळींचीं नांवें, फिरण्याची वेळ व जें नवें दिसलें तें लिहावें. पाळीवाल्यांचीं नांवें पोलीस पाटलामार्फत ठाण्यांत आगाऊ कळवावीं. कायद्यांत ग्रामरक्षक दलाची तरतूद आहे. तें दल रीतसर स्थापन झालें तर उत्तमच, परंतु तोंवर वही घालण्यास कोणाची ना नाहीं.

या वहीचा जन्म आमच्या एका चुकीतून झाला, ती येथें सांगितलीच पाहिजे. एका मार्गशीर्षांत लागोपाठ तीन केबली गेल्या होत्या व मंडळी चिडलेली होती. चौथ्या रात्रीं ओढ्याच्या कांठीं एक अनोळखी मनुष्य दिसला; अंगावर घोंगडें, खांद्यावर कुऱ्हाड. शिटी झाली, पाहतां पाहतां पंचवीस-तीस लोक जमले, आणि “बांधा याला” असा ओरडा झाला. दोघांनीं तर हातही उगारला. इतक्यांत आमच्यांतील एक वृद्ध गृहस्थ पुढें झाले व त्यांनीं शांतपणें विचारलें, “पाव्हणं, कुण्या गावचं? वाडा कुठं बसलाय?” तो म्हणाला, “ओढ्याच्या पल्याड, सड्याच्या रानात. गाभण मेंढी चुकलीया, दादा.” तो धनगर होता. खताकरितां मेंढरें बसविण्यास त्याचा वाडा आमच्याच एका सभासदानें आणविला होता, आणि कुऱ्हाड होती ती बाभळीचा पाला छाटण्याची. वाडा आल्याचें त्या सभासदानें कोणास सांगितलें नव्हतें, व आम्हींही विचारलें नव्हतें. वृद्ध गृहस्थ त्या रात्रीं अंथरुणावरून उठलेच नसते तर काय झालें असतें, याचा विचार मनांत आला म्हणजे आम्हांस अजून संकोच वाटतो. त्या तीन केबलींचा चोर, प्रसंगवशात् सांगतों, कधींच सांपडला नाहीं.

तेव्हांपासून आमच्याकडे धनगरांचा वाडा, ऊसतोडणीच्या टोळ्या, मळणी-कापणी यंत्रांवरचीं माणसें, फिरते मध व घोंगडी विकणारे, यांपैकीं कोणी आलें तर ज्याच्या रानांत तें उतरलें त्यानें त्याच दिवशीं वहींत नोंद करावयाची असा नियम आहे. ही नोंद त्यांच्यावर वहीम म्हणून नव्हे, त्यांच्याच बचावासाठीं आहे, व आम्ही तसें त्यांना सांगतोंही.

आमच्या येथें जें टळलें तें अन्यत्र टळलें नाहीं. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच भिक्षेकऱ्यांस जमावानें ठार केलें. १६ एप्रिल २०२० रोजीं पालघर जिल्ह्यांत गडचिंचले येथें, चोर फिरत असल्याच्या अफवांच्या दिवसांत, दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांचा तसाच अंत झाला. भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर खरा कीं खोटा हें न पाहतां पुढें धाडणें किती महाग पडतें, हें या दोन गांवांवरून दिसून येईल. आमच्या टोळीचा यावर एक साधा नियम आहे: स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेलें तेवढेंच पुढें कळवावें, आणि तें गांवच्या गटाकडे नव्हे, पोलीस पाटलाकडे.

कायदाही नीट समजून घ्यावा. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता व फौजदारी प्रक्रियेच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आपल्या देखत घडत असेल तर सामान्य मनुष्यासही गुन्हेगारास धरतां येतें. पण त्यास विनाविलंब, आणि फार तर सहा तासांच्या आंत, पोलिसांच्या हवालीं केलें पाहिजे. धरण्याचा अधिकार म्हणजे मारण्याचा अधिकार नव्हे. चोर पळून गेला तर केबल जाते. चोर आपल्या हातून मेला तर घरचा कर्ता तुरुंगांत जातो व रान पडीक पडतें. याच कारणास्तव पाळीवर हत्यार नको.

कुंपणांत वीज सोडण्याचा प्रकारही याच सदरांत येतो. रानडुकरांचें निमित्त सांगून कांहीं मंडळी तारेंत सरळ खांबावरचा प्रवाह सोडतात. त्या तारेस चोर कोण, दारें धरावयास आलेला शेजारी कोण, किंवा वासरू शोधीत आलेलें पोर कोण, हें कळत नाहीं. असा अपघात घडला तर मनुष्यवधाचा आरोप येतो, व तो यावाच असें आमचें मत आहे. बॅटरीवर चालणारें, क्षणाक्षणानें हलका झटका देणारें कुंपणयंत्र ही अगदीं वेगळी वस्तू असून, तें घ्यावयाचें तर प्रमाणित घ्यावें व त्यावर फलक लावावा.

आतां वस्तूंच्या बंदोबस्ताविषयीं. केबल विहिरीपासून खोक्यापर्यंत लोंबती ठेवूं नये. नळींत घालून दोन-अडीच फूट खोल पुरावी. तांब्याऐवजीं ॲल्युमिनियमची केबल घेतली तर चोरास तिचें आकर्षण कमी. मात्र ती तांब्याच्या सुमारें दीडपटीहून अधिक जाडीच्या छेदाची घ्यावी लागते, नाहीं तर दाब पडून मोटार जळते. मोटारीच्या अंगावर, स्टार्टरवर व ठिबकच्या गाळणीवर आपलें आडनांव व गट क्रमांक कोरून घ्यावा. रंगानें लिहिलेलें खरवडतां येतें, कोरलेलें सहसा जात नाहीं. गुरांच्या कानांतील १२ आंकडी बिल्ल्याचा क्रमांक घरच्या वहींत उतरून जनावराचें चित्रही काढून ठेवावें, कारण चोर प्रथम बिल्लाच कापतो. शिंगें, भोंवरे, पांढरे ठिपके हीं खूण पटविण्याचीं जुनीं साधनें अजून तितकींच उपयोगी आहेत.

खरेदीच्या पावत्या जपून ठेवाव्या, हें आम्ही विशेष आग्रहानें सांगतों. नव्या संहितेप्रमाणें चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांच्या आंत असेल, गुन्हेगाराचा पहिलाच गुन्हा असेल व माल किंवा त्याची किंमत परत मिळाली असेल, तर त्यास समाजसेवेची शिक्षा आहे, आणि असा गुन्हा अदखलपात्र मानला आहे. केबलीची किंमत कमी दाखविली गेली तर तपासच रेंगाळण्याचा संभव. पावती असेल तर किंमत वादांत पडत नाहीं. फिर्याद कोणत्याही ठाण्यांत देतां येते, हद्दीचें कारण सांगून ती नाकारतां येत नाहीं. फिर्याद संगणकावरून पाठविली तर तीन दिवसांच्या आंत ठाण्यांत जाऊन तिजवर सही करावी लागते. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्यावी. तातडीचे वेळीं ११२ हा क्रमांक फिरवावा. पोलीस येईतों चोरीच्या जागीं कोणास फिरूं देऊं नये. माग काढण्याची विद्या आमच्या वाडवडिलांस होती, आणि ती पहिली बिघडते आपल्याच पायांनीं.

एका गोष्टीकडे मात्र गांवें सहसा पाहत नाहींत. चोर एक रात्र येतो. त्याचा माल घेणारा मोडवाला बारा महिने उजेडांत बसलेला असतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणें हाही गुन्हा आहे. आसपासच्या मोडवाल्यांस बोलावून, तांब्याची तार आणणाराचें नांव व ओळखपत्र वहींत टिपल्याखेरीज माल घ्यावयाचा नाहीं असा शब्द गांवकऱ्यांनीं घ्यावा. बहुतेक व्यापारी सचोटीचे असतात व ते आढेवेढे घेणार नाहींत; जो घेईल त्याची माहिती पोलीस पाटलास द्यावी.

द्राक्षें व डाळिंबें उधारीवर नेऊन पैसे बुडविणारे व्यापारी ही दिवसाढवळ्याची चोरी आहे. तिच्याविषयीं पुढें केव्हां तरी स्वतंत्र लिहूं.

ज्या गांवीं अद्याप पाळ्या बसविलेल्या नाहींत, तेथील सभासदांनीं गव्हाच्या पहिल्या पाण्यापूर्वीं रोहित्रावरील खातेदारांची एक बैठक चावडींत किंवा सोसायटीच्या ओट्यावर भरवावी. भूमिहीन शेजारी, सालगडी व पालावरचे लोक यांसही त्या बैठकीस बोलवावें. रात्रीं रानांत सर्वांत अधिक वावरणारे तेच आहेत. वही दोनशें पानी पुरते, आणि पहिल्या पानावर ठाण्याचा, पोलीस पाटलाचा व तारमार्ग कर्मचाऱ्याचा क्रमांक ठळक लिहावा.