पाच नद्या आणि एक लोहमार्ग

रायगड जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला असता दोन गोष्टी सहज ध्यानात येतात. पूर्वेस सह्याद्रीची उभी भिंत आहे आणि पश्चिमेस समुद्र आहे. या दोहोंच्या मध्ये सखल भूमीचा एक चिंचोळा पट्टा असून, त्यातून लहान लहान नद्या समुद्राकडे धावतात. पाताळगंगा, बाळगंगा, भोगावती, अंबा आणि कुंडलिका ही त्यांची नावे. पहिल्या चार नद्या धरमतरच्या खाडीला मिळतात. कुंडलिका रेवदंड्याजवळ सागरास भेटते. या सर्व नद्या पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. परंतु नकाशात आणखी एक रेघ दिसते. ती उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते आणि या पाचही नद्यांना क्रमाक्रमाने गाठते. ही रेघ म्हणजे दिवा, पनवेल, पेण आणि रोहे या गावांना जोडणारा लोहमार्ग होय. नद्यांचा प्रवाह एका दिशेचा आणि रुळांची वाट दुसऱ्या दिशेची, असे का बरे असावे? या प्रश्नाच्या उत्तरात या प्रदेशाचा पुष्कळसा इतिहास साठविलेला आहे.

कोकणातील नद्या लांबीने तोकड्या असतात. सह्याद्रीवरून त्या वेगाने खाली येतात आणि थोड्याच अंतरावर त्यांच्या पात्रात भरतीचे खारे पाणी शिरू लागते. भरतीच्या पाण्याबरोबर पूर्वी गलबते, मचवे आणि पडाव नदीतून आत येत. पाणी जेथवर पोहोचे, तेथवर नाव जाई. त्यापुढे माल उतरवून तो बैलांच्या पाठीवर किंवा गाडीत घालावा लागे. अशा ठिकाणी वखारी उभ्या राहत, बाजार भरे आणि हळूहळू गाव मोठे होई. भोगावतीकाठचे पेण, अंबेकाठचे नागोठणे आणि कुंडलिकेकाठचे रोहे ही तिन्ही गावे अशीच वाढली. भात, मीठ, लाकूडफाटा असा माल येथून मुंबईस जाई आणि मुंबईचा माल येथे येई. भरतीबरोबर यावे आणि ओहोटीबरोबर निघावे, असे त्या काळचे वेळापत्रक होते.

या व्यवस्थेत एक मोठी उणीव होती. पेणचा मनुष्य मुंबईशी जोडलेला होता. रोह्याचा मनुष्यही मुंबईशी जोडलेला होता. परंतु पेण आणि रोहे ही दोन गावे एकमेकांशी तितक्या सुलभपणे जोडलेली नव्हती. त्यांच्या दरम्यान नद्या, ओढे, खारेपाटातील चिखल आणि डोंगरांच्या सोंडा आडव्या येत. नागोठण्याजवळ अंबा नदीवर सोळाव्या शतकात बांधलेला दगडी पूल आहे; परंतु असे पूल विरळाच. पावसाळ्यात नद्यांना पूर आला म्हणजे पलीकडच्या तीरावरील गाव डोळ्यांना दिसे, पण तेथे जाता येत नसे.

समुद्राची वाटही पावसाळ्यात भरवशाची नव्हती. आगबोटी आल्यावर मुंबईहून रेवस व धरमतर या बंदरांपर्यंतचा प्रवास लवकर होऊ लागला, हे खरे. परंतु खवळलेल्या सागरापुढे आगबोटीचेही बळ अपुरे पडते. १७ जुलै १९४७ या दिवशी ‘रामदास’ नावाची आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. वाटेत वादळी वाऱ्याने व लाटांनी तिला घेरले आणि ती बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेक जण सणासाठी किंवा कामानिमित्त आपल्या गावी चाललेले साधे लोक होते. देशाच्या स्वातंत्र्याचा दिवस अवघ्या एका महिन्यावर आला असताना या किनाऱ्यावरील कितीतरी घरांत अंधार पसरला. घरी जाण्यासाठी वर्षाच्या बाराही महिने खुली असणारी वाट हवी, ही कोकणी माणसाची मागणी केवळ सोयीसाठी नव्हती. तिच्यामागे असे दुःखही होते.

मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी १८५३ मध्ये गेली. परंतु तिचे रूळ पुढे घाट चढून देशावर गेले आणि कोकणची ही पट्टी शंभर वर्षांहून अधिक काळ आगगाडीवाचून राहिली. ठाण्याच्या पुढील दिवा स्थानकापासून पनवेलपर्यंतचा लोहमार्ग १९६६ पर्यंत तयार झाला. पुढे १९८६ मध्ये तो रोह्यास पोहोचला. या परिसरात कारखाने उभे राहत होते. त्यांचा माल वाहून नेणे हा या विस्ताराचा मुख्य हेतू होता. माणसांची सोय त्याबरोबर झाली.

दिव्यापासून रोह्यापर्यंतचे अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे. दिवा सोडल्यावर दातिवली, निळजे, तळोजे पाचनंद, नावडे रोड आणि कळंबोली ही स्थानके लागतात. तळोजे येथे औद्योगिक वसाहत आहे आणि कळंबोली लोखंड-पोलादाच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. त्यानंतर पनवेल येते. पनवेल हे जंक्शन आहे, म्हणजे तेथे अनेक मार्ग एकत्र मिळतात. एक मार्ग मुंबईकडे, एक कर्जतकडे, एक उरणच्या बाजूच्या बंदराकडे आणि एक दक्षिणेस रोह्याकडे जातो.

पनवेलच्या दक्षिणेस कर्नाळ्याचा डोंगर आडवा आहे. अंगठ्यासारखा उभा राहिलेला त्याचा सुळका दुरूनही ओळखू येतो. मुंबईहून गोव्यास जाणारी सडक कर्नाळ्याची खिंड चढून पलीकडे उतरते. आगगाडी मात्र तसे करीत नाही. सोमाटणे, रसायनी आणि आपटे या स्थानकांवरून ती डोंगराच्या पूर्वेकडून वळसा घालून जाते. याचे कारण सोपे आहे. पोलादी रुळांवर पोलादी चाक फिरताना घर्षण फार थोडे होते. म्हणून एक इंजिन शेकडो टन भार सहज ओढू शकते. परंतु घर्षण थोडे असल्यामुळेच चढावर चाकांची पकड कमी पडते. म्हणून आगगाडीला सरळ चढापेक्षा सपाट वळसा अधिक मानवतो. रसायनी हे नाव तेथील रसायनांच्या कारखान्यांवरून पडले आहे. त्याच्या पुढचे आपटे स्थानक झाडांच्या सावलीतले, लहानसे आणि शांत आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या हिंदी चित्रपटाचा शेवटचा प्रसंग येथेच चित्रित झाला.

आपट्याच्या पुढे गाडी पाताळगंगा ओलांडते आणि नद्यांची मालिका सुरू होते. जिते आणि हमरापूर ही स्थानके मागे टाकून ती पेणला येते. हमरापूर, जोहे आणि पेण या भागात घरोघरी गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. वर्षभर येथे माती मळली जाते, साचे भरले जातात आणि मूर्तींची डोळ्यांची आखणी करणारे कुशल हात कामात गढलेले असतात. येथील मूर्ती देशात आणि परदेशांतही जातात. पेणहून थळच्या खत कारखान्याकडे मालगाड्यांसाठी रुळांचा एक फाटा गेलेला आहे.

पेणच्या पुढे कासू, नागोठणे आणि निडी ही स्थानके येतात. एका बाजूस भाताची खाचरे आणि दुसऱ्या बाजूस डोंगर, असा हा प्रदेश आहे. नागोठण्याजवळ अंबा नदी आहे आणि तेथेच खनिज तेलजन्य रसायनांचा मोठा कारखाना आहे. मग गाडी कुंडलिकेच्या खोऱ्यात उतरते आणि रोहे येते. कोकणातील पुष्कळशा नद्या उन्हाळ्यात कोरड्या पडतात. कुंडलिका मात्र वाहती राहते. भिरा येथील जलविद्युत केंद्रात वीज निर्माण केल्यावर जे पाणी सोडले जाते, ते तिच्या पात्रात येते. या पाण्यावर शेती पिकते आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील कारखानेही चालतात.

१९८६ मध्ये रोह्यास आगगाडी आली, तेव्हा रूळ येथेच संपत असत. महाड, खेड, चिपळूण, रत्नागिरी किंवा सावंतवाडी येथे जाणाऱ्या माणसाला एस. टी. वाचून दुसरा उपाय नव्हता. कोकणात आगगाडी आली पाहिजे, हा आग्रह लोकांनी फार पूर्वीपासून धरला होता. बॅरिस्टर नाथ पै आणि प्राध्यापक मधु दंडवते यांनी संसदेत या मागणीचा पाठपुरावा केला. अखेर १९९० मध्ये, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना, कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली. केंद्र सरकारबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ या राज्यांनी त्यात भांडवल घातले. अभियंते ई. श्रीधरन यांच्याकडे कामाची धुरा सोपविण्यात आली. १९९३ मध्ये रोह्यापासून वीरपर्यंत गाडी धावू लागली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोहे ते मंगळूरजवळील ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरांचा संपूर्ण मार्ग राष्ट्रास अर्पण करण्यात आला. नव्वदांहून अधिक बोगदे आणि सुमारे दोन हजार लहानमोठे पूल त्यासाठी बांधावे लागले. दीडशे मीटर अंतर कापताना एक मीटरपेक्षा अधिक चढ नसावा, असा नियम या मार्गावर पाळलेला आहे. म्हणूनच जेथे डोंगर आला तेथे बोगदा आणि जेथे दरी आली तेथे पूल करणे भाग पडले. या कामासाठी हजारो शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी दिल्या, हेही विसरता येणार नाही.

अशा रीतीने जे स्थानक शेवटचे होते, तेच नव्या मार्गाचे पहिले स्थानक झाले. मध्य रेल्वेची हद्द रोह्यास संपते आणि कोकण रेल्वेची हद्द तेथून सुरू होते. प्रवाशाला मात्र हा बदल जाणवतही नाही. गाडी तीच असते, आसन तेच असते. जगात इतरत्रही लोकांनी हीच सोय निरनिराळ्या उपायांनी साधली आहे. जर्मनीतील कार्ल्सरूह या नगरात १९९२ पासून नगराच्या रस्त्यांवरील ट्राम मोठ्या लोहमार्गावर जाऊन शेजारच्या गावांपर्यंत धावू लागली. वाटेत उतरून गाडी बदलण्याचे कष्ट वाचले, तेव्हा प्रवाशांची संख्या पुष्कळ वाढली. वाट अखंड असली म्हणजे माणसे अधिक प्रवास करतात, हे तत्त्व दोन्ही ठिकाणी सारखेच आहे.

मार्गावर रूळ एकेरी असतील तर समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांपैकी एकीला स्थानकातील बाजूच्या रुळांवर थांबून दुसरीला वाट द्यावी लागते. यात वेळ जातो. रूळ दुहेरी झाले म्हणजे हा खोळंबा टळतो. पनवेल ते रोहे हा मार्ग आता दुहेरी आहे आणि रोहे ते वीर हा टप्पाही २०२१ मध्ये दुहेरी झाला. २०२२ मध्ये संपूर्ण कोकण रेल्वेचे विद्युतीकरण पूर्ण झाले. रोह्याच्या पुढील कोलाड स्थानकावर एक वेगळेच दृश्य दिसते. तेथे मालाने भरलेले ट्रकच्या ट्रक आगगाडीच्या सपाट डब्यांवर चढतात आणि गोव्याकडे रवाना होतात. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या सेवेमुळे डिझेलची बचत होते आणि घाटरस्त्यावरील गर्दीही कमी होते.

तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. गावाजवळून लोहमार्ग गेला म्हणजे गावाची सोय झालीच, असे नाही. लांब पल्ल्याच्या अनेक जलद गाड्या या मार्गावरील लहान स्थानकांवर न थांबता निघून जातात. कासू किंवा निडी येथील विद्यार्थ्याला, मजुराला आणि भाजी घेऊन निघालेल्या शेतकरणीला जी गाडी थांबते तीच आपली वाटते. रूळ गावाला केवळ स्पर्श करतात. गावाला जगाशी जोडते ते स्थानक. म्हणून वेगवान गाडीइतकीच प्रत्येक स्थानकावर थांबणारी गाडीही महत्त्वाची आहे.

नद्यांनी या प्रदेशाला पाणी दिले, बंदरे दिली आणि बाजारपेठा दिल्या. पण त्यांनीच गावागावांत अंतरही निर्माण केले. लोहमार्गाने ते अंतर मिटविले. भोगावतीकाठचा मूर्तिकार आज एका दिवसात कुंडलिकेकाठी जाऊन परत येऊ शकतो, आणि भर पावसाळ्यात गणपतीला घरी निघालेल्या चाकरमान्याला समुद्राच्या लाटांची भीती बाळगावी लागत नाही. पेणहून रोह्याकडे जाताना पुलावर गाडीचा आवाज बदलतो. त्या वेळी खिडकीतून खाली पाहावे. जेथे एकेकाळी भरतीची वाट पाहत पडाव उभे असत, तेच पाणी खाली वाहताना दिसेल.