सांधेदुखी : केवळ वयाचा दोष नव्हे

तुर्भे येथील कृषी उत्पन्न बाजार समितीत वर्षानुवर्षे पोती वाहणारे माथाडी कामगार असोत वा घरकामात आयुष्य वेचलेल्या गृहिणी, उतारवयात गुडघे कुरकुरू लागतात. 'वय झाले' म्हणून दुखणे सोसले जाते किंवा परस्पर वेदनाशामक गोळ्या आणल्या जातात. या दोन्ही गोष्टी टाळायला हव्यात.

हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा झिजल्याने होणारा ऑस्टिओआर्थ्रायटिस हा सांधेदुखीचा सर्वाधिक आढळणारा प्रकार. वय, लठ्ठपणा, आनुवंशिकता, जुनी दुखापत, तसेच सतत ओझे उचलण्याचे वा उकिडवे बसण्याचे काम ही त्याची प्रमुख कारणे. यात सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. तो तासाहून अधिक टिकत असेल आणि बोटांचे सांधे सुजत असतील, तर आमवाताची तपासणी करून घ्यावी. त्याचे औषधोपचार वेगळे असतात. सांधा एकाएकी लाल व गरम होऊन ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

झिजेच्या दुखण्यात पूर्ण विश्रांती हितावह नसते. हालचाल थांबली की मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि गुडघ्याचा आधार जातो. खुर्चीत बसून एकेक पाय सरळ उचलून काही क्षण धरणे, सपाट रस्त्यावर चालणे हे सोपे व्यायाम नियमित करावेत. स्थूल व्यक्तीचे १ किलो वजन घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोने कमी होतो.

वेदनाशामक गोळ्यांच्या दीर्घ सेवनाने जठरात व्रण होऊ शकतात, मूत्रपिंडाला इजा पोहोचू शकते. मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी त्या वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊच नयेत. हे सारे करूनही चालणे अशक्य झाले, तरच सांधेरोपणाचा विचार करावा.