पवनचक्कीचे मानक आणि जमीनधारकाचे कर्तव्य

मांडवी ह्या शब्दाचा जुना अर्थ जकातीचे नाके. अशा जागी गलबतातून उतरलेला जिन्नस आधी मोजावयाचा, वजन करावयाचा आणि मगच गावात घ्यावयाचा, असा शिरस्ता असे. आम्ही रत्नागिरीच्या मांडवीवर राहतो. बाहेरून येणारी वस्तू मापाशिवाय आत घेऊ नये, ही गोष्ट येथील किनाऱ्यास सांगावयास नको. परंतु हल्ली एक जिन्नस असा येऊ लागला आहे की, त्याचे माप कोणते हेच पुष्कळांस ठाऊक नसते. तो जिन्नस म्हणजे विजेची पवनचक्की.

गतवर्षी आमच्या एका आप्तांकडे सड्यावरील कातळाची जमीन दीर्घ मुदतीच्या भाड्याने मागण्यासाठी एक गृहस्थ आले होते. आमची हयात महसुली कागद वाचण्यात गेलेली असल्यामुळे आप्तांनी कराराचा मसुदा आमच्यापुढे ठेवला. त्यात भाडे होते, मुदत होती, यंत्रापर्यंतच्या रस्त्याचा हक्क होता. परंतु यंत्र कोणते, ते किती वाऱ्यास टिकणारे आणि घरापासून किती अंतरावर बसणार, ह्याविषयी एक अक्षरही नव्हते. विचारता, “यंत्र आंतरराष्ट्रीय दर्जाचे आहे,” एवढेच उत्तर मिळाले. तो दर्जा म्हणजे काय, ह्याचा शोध आम्ही यथामति केला. त्यातून हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम यंत्राचा आकार ध्यानी घेतला पाहिजे. भारतातील पहिली पवनविद्युत् केंद्रे १९८६ च्या सुमारास किनाऱ्यावर उभी राहिली. त्यांत गुजरातेतील ओखा होते, तसेच पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात असलेले व १९८१ पासून सिंधुदुर्गात गेलेले आपले देवगडही होते. ती यंत्रे ५५ किलोवॉटची असून त्यांच्या पात्यांच्या फेऱ्याचा व्यास सुमारे १५ मीटर होता. म्हणजे पाती जेवढे आकाश झाडीत, ते पावणेदोन गुंठ्यांच्या आसपास भरे. पुढे साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर ह्याहून मोठी यंत्रे आली. आज १४० मीटर व्यासाची यंत्रेही बसवितात. त्यांचा फेरा ३ एकर ३२ गुंठ्यांचा होतो! एवढे शेत आकाशात उभे धरून त्यावर आषाढातील वारा घ्यावयाचा, अशी ही गोष्ट आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्याचा दाब चौपट होतो आणि त्यातील शक्ती आठपट होते. म्हणून येथे अंदाजाने भागत नाही.

ह्या यंत्रांसाठी जे नियम सर्व जगाने मानले आहेत, ते आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाचे. ही संस्था १९०६ साली स्थापन झाली व तिची कचेरी जिनीव्हा येथे आहे. तिच्या पवनचक्कीविषयक ग्रंथमालेचा क्रमांक ६१४०० होय. रचनेचे मुख्य नियम सांगणारा तिचा पहिला भाग १९९४ साली निघाला, म्हणजे देवगडची यंत्रे उभी राहिली तेव्हा तो नव्हताच. त्याची चौथी आवृत्ती २०१९ सालची आहे.

ह्या ग्रंथाचे मर्म यंत्राच्या वर्गवारीत आहे. पन्नास वर्षांतून एकदा येण्याजोगे वादळ धरून, पात्यांच्या आसाच्या उंचीवर दहा मिनिटांच्या सरासरीने वारा किती, ह्यावरून वर्ग ठरतो. पहिल्या वर्गास सेकंदास ५० मीटर, दुसऱ्यास ४२.५ मीटर व तिसऱ्यास ३७.५ मीटर वेग धरला आहे. तीन सेकंदांचा झोत ह्याच्या १.४ पट धरतात. म्हणजे पहिल्या वर्गाचे यंत्र ७० मीटरचा, तर तिसऱ्या वर्गाचे ५२.५ मीटरचा झोत सोसेल असे रचलेले असते. वाऱ्याच्या खळबळीप्रमाणे आणखी पोटवर्ग आहेत. नेहमीच्या स्थितीत हिशेबाने निघालेला भार १.३५ पटीने वाढवून मगच यंत्र रचावे आणि त्याचे आयुष्य किमान वीस वर्षे धरावे, असाही नियम आहे.

तेव्हा “आंतरराष्ट्रीय दर्जाचे” ह्या शब्दांना एकट्याने काहीच अर्थ नाही. तिसऱ्या वर्गाचे यंत्रही त्याच दर्जाचे आणि पहिल्या वर्गाचेही त्याच दर्जाचे. सातबाराचा उतारा खरा असला तरी तो आपल्याच गटाचा आहे की नाही हे पाहावे लागते, तसेच हे आहे. प्रमाणपत्र खरे असेल, पण ते ह्या सड्याच्या वाऱ्यास लागू पडते काय, हा खरा प्रश्न.

येथे आकड्यांचा एक घोटाळा होतो, तोही सांगून ठेवतो. इमारतींसाठी असलेल्या भारतीय मानकात मुंबईस सेकंदास ४४ मीटर व पणजीस ३९ मीटर असा मूळ वेग दिला आहे. कोणी म्हणेल, ३९ आणि तिसऱ्या वर्गाचे ३७.५ ह्यांत फारसे अंतर नाही. परंतु हे दोन आकडे एका जातीचे नव्हेत. ३९ हा जमिनीपासून दहा मीटर उंचीवरील तीन सेकंदांचा झोत आहे, ३७.५ ही आसाच्या उंचीवरील दहा मिनिटांची सरासरी आहे. बिघ्याची एकराशी तुलना करू नये, तशीच हीही करू नये. मूळ झोत आसाच्या उंचीपर्यंत चढवून, समुद्रावरून चढणाऱ्या कड्याचा परिणाम त्यात धरून, मग तो वर्गाच्या झोताशी ताडावयाचा असतो. हे काम तज्ज्ञाचे आहे. मात्र ते झाले आहे की नाही हे विचारणे जमीनधारकाचे काम आहे.

जपानच्या मियाको बेटावर ११ सप्टेंबर २००३ रोजी मोठे तुफान आले. झोताची नोंद सेकंदास ७४ मीटरपर्यंत गेली. तेथील वीजमंडळीच्या सहा पवनचक्क्यांपैकी काही आडव्या झाल्या व उरलेल्यांची पाती किंवा शिरोभाग मोडला. पहिल्या वर्गाची ७० मीटरची मर्यादाच वाऱ्याने ओलांडली होती. अशा तुफानी प्रदेशांसाठी २०१९ च्या आवृत्तीत ५७ मीटर सरासरीचा निराळा वर्ग घातला गेला. मानक हे असे अनुभवाने वाढत जाते.

आपल्या किनाऱ्यासही हा विचार परका नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यास लागले आणि दापोली-मंडणगडच्या बागायतदारांची नारळी-पोफळी व आंब्याची झाडे उन्मळून पडली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळ ह्या किनाऱ्यालगत वर सरकले.

दुसरे मर्म ब्रेकांचे. वादळात यंत्र थांबले नाही तर ते स्वतःचा नाश करून घेते. २२ फेब्रुवारी २००८ रोजी डेन्मार्कमधील हॉर्नस्लेट येथे असेच एक यंत्र बेफाम फिरू लागले. पाते मनोऱ्यावर आदळले आणि मनोरा मोडून पडला. म्हणून संरक्षणाची योजना नियंत्रणाच्या योजनेहून निराळी हवी, एक भाग बिघडला किंवा तारेतील वीज गेली तरी यंत्र सुरक्षित स्थितीत यावे, असा मानकाचा दंडक आहे. वादळात वीज आधी जाते, हे कोकणात कोणास शिकवावयास नको.

हा दंडक कोणी आग्रहाने मागितला, हे शेतकरी बंधूंनी अवश्य ध्यानात घ्यावे. डेन्मार्कमध्ये १९७८ साली पवनचक्कीच्या मालकांनी आपला संघ काढला. त्यांत खेड्यांतील साधी माणसे पुष्कळ होती. पाती स्वतःच वाऱ्याविरुद्ध वळून थांबतील असा दुसरा, स्वतंत्र ब्रेक असल्यावाचून यंत्र घेऊ नये, असा आग्रह त्यांनी धरला. कोणत्या यंत्राने किती वीज दिली व कोणते कितीदा बिघडले, हे ते आपल्या मासिकात छापू लागले. सरकारनेही रिसो येथील केंद्राच्या मान्यतेची अट अनुदानास घातली. अर्थात मानक केवळ विद्वानांच्या मेजावर जन्मले नाही. ते घेणाऱ्यांच्या चिकाटीतूनही जन्मले.

कोकणापुरत्या आणखी दोन बाबी आहेत. नेहमीच्या वर्गात हवेचा दमटपणा शेकडा ९५ पर्यंत धरलेला असतो. खारा वारा व गंज ह्यांचा विचार यंत्र करणाराने वेगळा दाखवावा लागतो. आणि विजेपासून संरक्षणासाठी मालेचा २४ वा भाग स्वतंत्र आहे. वळवाच्या दिवसांत उघड्या सड्यावर सर्वांत उंच वस्तू तीच असणार!

आपल्या देशात चेन्नई येथील राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था यंत्रांच्या परीक्षणाचे काम करते. केंद्र सरकारच्या २०१६ सालच्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे आवाजाच्या त्रासासाठी राहत्या वस्तीपासून ५०० मीटर अंतर ठेवावयाचे आहे. सार्वजनिक रस्ता, रेल्वे व इमारती ह्यांपासून आसाची उंची, अधिक निम्मा व्यास, अधिक ५ मीटर एवढे अंतर हवे. १२० मीटर उंचीच्या व १४० मीटर व्यासाच्या यंत्रास ते १९५ मीटर होते. हे अंतर आपल्या गटाच्या नकाशावर स्वतः मोजून पाहावे.

ज्यांस स्वतःच्या वाडीपुरते लहान यंत्र घ्यावयाचे आहे, त्यांनी मालेचा दुसरा भाग लक्षात ठेवावा. तो २०० चौरस मीटरपर्यंतच्या फेऱ्यास, म्हणजे सुमारे दोन गुंठ्यांपर्यंत, लागू आहे. त्यात यंत्र किमान सहा महिने व २५०० तास वीज काढीत चालवून पाहण्याची परीक्षा सांगितली आहे. दुकानदाराकडे त्या परीक्षेचा दाखला मागावा.

सारांश, सहीपूर्वी पाच गोष्टी लेखी घ्याव्या: यंत्राचा वर्ग व त्याचे प्रमाणपत्र, ह्याच जागेच्या वाऱ्याशी तो वर्ग ताडल्याचा अहवाल, ब्रेक व वीज गेल्यावरची व्यवस्था, घर, रस्ता व विहीर ह्यांपासूनची अंतरे, आणि वीस वर्षांनंतर यंत्र व त्याचा पाया कोणी काढावयाचा, हे.

आमच्या आप्तांनी ह्याच पाच गोष्टी त्या गृहस्थांस लिहून दिल्या. उत्तर अद्याप आलेले नाही, आणि सहीही झालेली नाही. जमीन मात्र आहे तेथेच आहे. पवनचक्कीस आमचा विरोध नाही. वारा हे आपल्या सड्याचे पीकच आहे. परंतु पीक दुसऱ्याच्या हाती देताना माप आपल्या हाती असावे. आपल्या संस्थेने हे पाच प्रश्न छापून प्रत्येक सभासदास द्यावे, अशी आमची नम्र सूचना आहे.