घरगुती मोटारीचे वाइंडिंग आणि रेझिनची पारख

घरी किंवा महाविद्यालयाच्या कार्यशाळेत विद्युत मोटार तयार करणाऱ्यांची खरी परीक्षा मोटार फिरू लागल्यानंतरच सुरू होते. चाचणी यशस्वी ठरते. मात्र काही काळ भार दिल्यावर जळका वास येतो आणि वाइंडिंग निकामी होते. तांब्याच्या तारेवर एनॅमलचा थर असतोच. तरीही वेटोळी हलू नयेत, ओलावा शिरू नये आणि आतली उष्णता बाहेर पडावी, यासाठी त्यांत रेझिन ओतले जाते.

विद्युत निरोधनाचे तापमानानुसार वर्ग ठरलेले आहेत. ‘बी’ वर्गाची मर्यादा १३० अंश सेल्सिअस, ‘एफ’ची १५५, तर ‘एच’ची १८०. त्यापुढे दर दहा अंशांमागे निरोधनाचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. मोटारीचे कवच हाताला कोमट लागले, तरी आतली तार कितीतरी अधिक तापलेली असू शकते.

सर्वाधिक फसगत होते ती दुकानात मिळणाऱ्या दोन डब्यांच्या साध्या इपॉक्सीमुळे. ओव्हनशिवाय घट्ट होणाऱ्या अशा अनेक इपॉक्सी ५० ते ६० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतात. त्या वितळत नाहीत. पण तारांवरची पकड सैल होते. वेगाने फिरणाऱ्या रोटरवर ही सैल पकड अपघातालाच निमंत्रण देते. भट्टीत तापवून पक्क्या होणाऱ्या इपॉक्सी याहून बरेच अधिक तापमान सोसतात.

दुसरी अडचण प्रसरणाची. निव्वळ इपॉक्सी तांब्याच्या तिप्पट-चौपट प्रसरण पावते आणि वारंवार तापून-निवून तिला तडे जातात. सिलिका किंवा ॲल्युमिनाची भुकटी मिसळल्यास हा फरक घटतो, उष्णताही चांगली वाहते. भुकटी फार झाली तर मात्र मिश्रण दाट होऊन तारांच्या फटींत उतरत नाही आणि हवेचे बुडबुडे आत राहतात. ही अडकलेली हवा रेझिनहूनही उष्णतेला अधिक अडवते. म्हणूनच कारखान्यांत निर्वात पंपाखाली रेझिन भरले जाते.

सिलिकॉन सुमारे २०० अंश सोसते, पण ते मऊ असल्याने स्थिर वेटोळ्यांसाठीच योग्य. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन तर टाळलेलेच बरे. त्यातील आम्ल तांबे खाते. स्कॉटलंडचे ह्यू पिगॉट यांनी घरगुती पवनचक्कीच्या जनित्रासाठी सांगितलेल्या कृतीत पॉलिएस्टर रेझिनमध्ये टाल्कम पावडर मिसळली जाते. जाड थर घट्ट होताना फार तापू नये, हा त्यामागचा हेतू.

रेझिन निवडण्यापूर्वी वाइंडिंग प्रत्यक्षात किती तापते, हे पाहता येते. त्यासाठी रेझिन न ओतलेल्या नमुना मोटारीवर बेताचा भार द्यावा. थंड असताना ३० अंशांना रोध २ ओहम असेल आणि वीज तोडून लगेच मोजल्यावर तो २.४ ओहम भरला, तर तांब्याचे सरासरी तापमान सुमारे ८३ अंश झालेले असते. सर्वांत तप्त जागा त्याहूनही वर असते आणि साधी इपॉक्सी तेथे केव्हाच मऊ पडलेली असते.